दरबार नसलेल्या मुलखातलं गाणं

तापी आणि नर्मदेच्या मधल्या मुलखाला स्वतःचं गायकीचं घराणं लाभलं नाही. सुरतेचा कारभार इंग्रजांनी १८०० साली नवाबाकडून काढून घेतला, पाठोपाठ १८०३ मध्ये भडोच त्यांच्या हाती गेलं. बडोद्यात गायकवाडांनी गवय्ये पोसले, तसं पोसणारं इथे कुणी उरलं नाही. धरमपूरचे महाराणा विजयदेवजी संगीतावर ग्रंथ लिहीत होते हे खरं, पण ते विसाव्या शतकात, आणि एका छोट्या संस्थानात. सुरत-भडोचकडच्या सामान्य माणसाच्या कानावर पडे ते हवेलीतलं कीर्तन, तांब्याच्या माणीवर (घागरीवर) बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरणाऱ्या माणभट्टाचं आख्यान आणि रामलीला. पंडित ओंकारनाथ ठाकूर ख्याल, भजन आणि राष्ट्रगीत सारख्याच निष्ठेने गायले, त्याचं मूळ मला या दरबार नसण्यात दिसतं.

१८९७ मध्ये खंभातजवळच्या जहाज गावी जन्मलेला हा मुलगा भडोचला गरिबीत वाढला. गिरणीत राबला, रामलीलेत उभा राहिला. पुढे एका पारशी दात्याच्या मदतीने तो मुंबईला विष्णु दिगंबर पलुस्करांकडे पोचला. यावर आक्षेप येईल की, मग मूळ भडोचचं कसं, तालीम तर मिरजेच्या बाळकृष्णबुवांकडून आलेल्या ग्वाल्हेर गायकीची! आक्षेप रास्त आहे. पण कुरुंदवाडच्या पलुस्करांनीच तर दरबार सोडून तिकिटाची मैफल आणि १९०१ मध्ये लाहोरचं विद्यालय उभं केलं होतं. आश्रयाविना वाढलेल्या मुलाला असाच गुरू मानवणार होता. ओंकारनाथ विशीतच त्या लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले, मग भडोचला परतून त्यांनी गांधर्व निकेतन काढलं आणि काँग्रेसच्या कामातही उतरले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि महाराष्ट्रातल्या जाणत्या श्रोत्यांनीही तो घेतला: हे गाणं नाटकी आहे, रागापेक्षा भावनेला मोठं करतं. ‘जोगी मत जा’ची भैरवी ऐकताना शब्द स्वरांवर कुरघोडी करतो असं काही जागी मलाही वाटतं. पण त्यामागे शिथिलपणा नव्हता. आवाजाच्या चढउतारातून अर्थ बदलणारा ‘काकु’ त्यांनी भरताच्या नाट्यशास्त्रातून उचलला होता. ‘प्रणवभारती’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिणारा माणूस टाळ्यांसाठी हुंदके देत नसतो. हिंदुस्थानी मैफलीत क्वचित ऐकू येणारा नीलांबरी रागही त्यांनी त्याच ध्यासाने रुजवला. गाण्याच्या प्रकारांत कुंपण न मानणारे दुसरीकडेही होते: अमेरिकेत टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवर वाढलेल्या क्लॅरेन्स ‘गेटमाउथ’ ब्राउनलाही केवळ ब्लूजवाला म्हणवून घेणं पसंत नव्हतं. गिटारवर ब्लूज आणि जॅझ, फिडलवर कंट्री, हे त्याला एकच गाणं वाटे. सीमेवरच्या माणसाच्या कानाला कुंपणं उशिरा कळतात.

१५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवर ओंकारनाथांनी ‘वंदे मातरम्’ गायलं, तेही पूर्ण. मैफलीतला आवाज त्या दिवशी घराघरांत, जिथे ख्याल कधी पोचला नव्हता तिथेही गेला. १९५० मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात संगीत शिकवू लागले. कर्नाटक पद्धतीत वाढलेल्या व्हायोलिनवादक एन. राजम तिथे त्यांच्याकडे शिकल्या, आणि गुरूच्या गळ्यातला ख्याल त्यांनी गजावर आणला.