बंदूक कोणाच्या हाती नको? नाशिकचा इतिहास आणि बाबासाहेबांचे उत्तर



कुठे अत्याचाराची घटना घडली की आपल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : 'आम्हाला शस्त्र परवाने द्या.' कुठे बॉम्बस्फोट झाला की दुसरीकडून आरोळी येते : 'संशयितांच्या हाती बंदूक पडताच कामा नये.' दोन्ही मागण्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. बंदूक कोणाला द्यायची नाही, हे ठरवायचे कशावरून? माणसाच्या जन्मावरून की त्याच्या कृतीवरून? या प्रश्नाचा इतिहास आपल्या नाशिकमध्येच घडला आहे. तो नीट वाचल्याशिवाय घोषणा देण्यात अर्थ नाही.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह. 'शारदा' नाटकाचा प्रयोग पाहायला आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. पुढे कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. पण ही पिस्तुले नाशिकला आली कशी? विनायक सावरकरांनी पॅरिसहून मिळवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात लपवून मुंबईला आणली गेली, असे रौलट समितीच्या अहवालात नोंदवले आहे. त्या काळात लंडनच्या इंडिया हाऊसवर पोलिसांची पाळत होती. म्हणजे माणसे संशयित होती, सरकारला ती माहीत होती, तरीही पिस्तुले नाशिकपर्यंत पोहोचली.

तेव्हा कायदा नव्हता का? होता, आणि कडक होता. लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा. भारतीय माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. युरोपियन माणसाला मात्र सूट होती. एक अख्खा देश संशयित आणि गोरी कातडी निर्दोष! जन्मावर बेतलेल्या या कायद्याने कोट्यवधी निरपराधांना निःशस्त्र केले, पण ज्यांना खरोखर रोखायचे होते त्यांना रोखता आले नाही.

जन्मावरून संशय घेण्याची ही पद्धत इंग्रजांना नवीन नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पारधी, कैकाडी यांची पोरे पाळण्यात असल्यापासून संशयित! हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातली नजर अजून बदललेली नाही. महारांचेही तेच. १८१८ ला कोरेगावला लढलेल्या समाजाची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या नावाखाली बंद केली गेली. आणि इंग्रजांच्या आधी मनुस्मृतीची व्यवस्था हेच करत होती.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये यावरच बोट ठेवले. या देशातल्या खालच्या वर्गांनी बंड का केले नाही? कारण चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्र धरू दिले नाही, शिक्षण घेऊ दिले नाही, असे त्यांनी सांगितले.

मग हेच बाबासाहेब डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काय करतात? ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही हा हक्क होता. बाबासाहेबांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन सरकारच्या आडकाठीशिवाय हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. १९३६ ला त्यांचा विरोध जातीवरून शस्त्र नाकारण्याला होता. १९४८ ला त्यांचा विरोध बेलगाम शस्त्रखरेदीला होता. बंदुकीचा बाजार मोकळा झाला तर गावात पहिली बंदूक कोणाच्या वाड्यात येईल? जमीन आणि पैसा ज्याच्याकडे, त्याच्या. हे त्यांना पक्के ठाऊक होते. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी आपली माणसे दादासाहेब गायकवाडांसोबत निःशस्त्र उभी होती. पुढे रामनवमीला त्यांच्यावर दगड पडले. त्या गर्दीत समोरच्यांच्या हाती बंदुका असत्या तर?

आजचा १९५९ चा शस्त्र कायदा वाचा. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला कलम ९ ठरावीक मुदतीपर्यंत शस्त्र नाकारते. कलम १३ प्रमाणे पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता धोक्यात येत असेल तर कलम १४ खाली परवाना नाकारता येतो, म्हणजे दहशतवादाचा खरा संशय असेल तर शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. पण तेच कलम म्हणते की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही, आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतील. कलम १८ खाली अपील आहे. संशय घ्या, पण कारण लिहा आणि वर दाद मागू द्या.

हे का महत्त्वाचे? आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव बघा. २००६ च्या स्फोटानंतर नऊ मुस्लिम तरुणांना पकडले. काही वर्षे तुरुंगात गेली आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एक जण हयातही नव्हता. 'संशयित' हा शिक्का इतका स्वस्त असतो. अमेरिकेत त्याच वर्षी ऑरलँडोत ४९ जण मारले गेल्यावर संशयितांना बंदूक विकू नये यासाठी सिनेटमध्ये प्रस्ताव आले आणि सगळे पडले. तिथे एका बाजूला बंदुकीचा मोकळा बाजार, दुसऱ्या बाजूला नाव का आले हे न सांगणारी सरकारी यादी. दोन्ही टोके आपल्या कामाची नाहीत.

आपल्या कामाचे हत्यार वेगळे आहे आणि ते कागदावर आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५, नियम ३. अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केलेल्या भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्या, असा क्रम तिथे आहे. क्रम लक्षात घ्या. आधी धमकावणाऱ्याची बंदूक काढा, आपल्या हाती बंदूक देण्याची गोष्ट शेवटी.

काही जण म्हणतील, हा नियमसुद्धा जातच बघतो. तो जात बघतो कारण अत्याचार जात बघून होतो. आणि तो लागू होतो तो अत्याचाराचा इतिहास असलेल्या भागात, सबंध समाजाला नाही.

तेव्हा 'बंदूक द्या' हा मेसेज पुढे ढकलण्यापूर्वी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आपल्या तालुक्यात अत्याचारप्रवण गावे कोणती ठरवली? ॲट्रॉसिटीच्या आरोपींपैकी किती जणांकडे शस्त्र परवाने आहेत? त्यातले किती रद्द केले? उत्तर घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जा. चुकीच्या माणसाच्या हातातली बंदूक आपल्याला अशीच काढून घेता येईल.

जय भीम!