वाल, नीरा आणि दूध : डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधन

जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाणाऱ्या जोडरस्त्याच्या उत्तरेस आरे दुग्ध वसाहत पसरली आहे. शहरातील म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत आणि मुंबईकरांना चांगले दूध मिळावे, या हेतूने १९४९ मध्ये ती उभी राहिली. या प्रकल्पाने दुधाची प्रत सुधारण्यासाठी ज्यांचा सल्ला घेतला, त्यांत जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी होत्या.

कमलाबाईंविषयी बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते. त्या पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या, तरी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मगच प्रवेश कायम करण्याच्या अपमानास्पद अटीवर त्यांना आत घेतले गेले. प्रसंग खरा आहे आणि सांगण्याजोगाही. मात्र तो इतक्यांदा सांगितला गेला की, दार उघडल्यावर आत जाऊन त्यांनी काय केले, हे विचारायचे राहूनच गेले.

बंगळूरला एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. हाच धागा पुढे आयुष्यभर टिकला.

त्यानंतर केंब्रिज. नोबेलविजेते फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या विभागात डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. सजीवांच्या पेशी श्वसन करताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवत अखेर ऑक्सिजनपर्यंत नेतात. या साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. प्राण्यांच्या ऊतींत आणि यीस्टमध्ये ही यंत्रणा बरीच अभ्यासली गेली होती. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना तिचा माग वनस्पतींत लागला. सपुष्प वनस्पतींतील या विकरावरचा हिल आणि भागवत यांचा लेख १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पीएच.डी.चे काम अवघ्या चौदा महिन्यांत झाले आणि प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, असा प्रवास झाला. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायनशास्त्र विभागात रुजू झाल्या. त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत समृद्ध भाग इथलाच.

वालाचे उदाहरण घ्यावे. कडधान्य म्हणजे गरिबाचे प्रथिन, पण ते अंगी लागते किती? कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात. ती असली की प्रथिन पोटात जाऊनही नीट पचत नाही. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील या अवरोधकांवर लेखमालाच लिहिली. वाल आणि डबल बी यांतील अवरोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळे काढले. ते काम १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. बिरड्यासाठी वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजवण्याची घरोघरची रीत या प्रयोगांच्या प्रकाशात पाहिली, तर केवळ चवीपुरती उरत नाही. नीट शिजवल्याने या द्रव्यांचा प्रभाव बराच घटतो.

नीरेवरचे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. शिंदी-ताडाचा हा ताजा रस आंबला की त्याची ताडी होते, म्हणून त्याकडे संशयानेच पाहिले जाई. कमलाबाईंनी त्यातील जीवनसत्त्वे मोजली आणि आदिवासी भागांतील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, हे दाखवले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

केंब्रिजच्या तुलनेत हे विषय कुणाला किरकोळ वाटतील. पण वनस्पतीच्या पेशीतील विकर शोधायला जी शिस्त लागते, तीच त्यांनी वालाच्या दाण्याला लावली. आणि ती शिकलेले विद्यार्थी त्यांनी मुंबईत घडवले, हा प्रभाव एखाद्या शोधाहून लहान म्हणता येत नाही. पुढे त्या याच संस्थेच्या संचालिका झाल्या.

निवृत्तीनंतरही अन्नाचा प्रश्न सुटला नाही. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या सक्रिय राहिल्या, तिच्या अध्यक्षाही झाल्या. भेसळ कशी ओळखावी, याचे धडे त्या सामान्य गृहिणींना देत.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.