आमच्या दारावरून जाणारा हमरस्ता



वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत थोडा इतिहास यावा, असे संपादक भगिनींनी मला सुचविले. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी मात्र एका रस्त्याचा इतिहास लिहिण्याचे योजिले आहे. आपण ज्याला धुळे-सोलापूर रस्ता म्हणतो, तोच हा रस्ता.

आपल्यापैकी पुष्कळजणींना तो संभाजीनगरपासून तुळजापूरपर्यंतच ठाऊक असतो. वास्तविक त्याची मजल फार मोठी आहे. पंजाबातील संगरूरहून निघून हरियाणा, राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडीत तो धुळ्याकडे उतरतो. पुढे बीड, सोलापूर, विजापूर, हुबळी करीत अंकोल्याजवळ समुद्रकाठाला पोचतो. एकूण लांबी सुमारे 2,300 किलोमीटर. आपल्याकडील भागाला पूर्वी 211 हा क्रमांक होता. 2010 साली देशातील मार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हापासून हा सबंध मार्ग 52 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला. राजस्थानची वाळू, सातपुडा, कन्नडचा घाट, आपला बालाघाट आणि शेवटी यल्लापूरचे दाट रान, एवढे सारे या एका वाटेवर आहे.

या मुलखातील वर्दळ फार जुनी आहे. 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली. वरंगळच्या स्वारीवरून परतताना बीडच्या मुक्कामी त्याचा एक दात पडला व तो इतमामाने पुरण्यात आला, अशी कथा आहे. त्या दाताची कबर बीडजवळच्या टेकडीवर दाखवितात. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. तरीही आपला मुलूख पुढे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिला. त्या राज्यात रेल्वेखात्याने 1932 साली 27 मोटारी घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो आणि 1961 साली महाराष्ट्राचे एस. टी. महामंडळ झाले. आगगाडीची वाट मात्र आपण फार दिवस पाहिली. बीड शहरातून ती 17 सप्टेंबर 2025 रोजी धावली. तोपर्यंत सासर-माहेर, दवाखाना, बाजार, देवदर्शन हे सारे रस्त्यानेच झाले.

आता पाहण्यासारख्या स्थळांविषयी. उत्तरेकडून आले की शहागडला गोदावरीचा पूल लागतो. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी गंगामाई पाहिली की बायका आपोआप हात जोडतात. पूल ओलांडला की आपला जिल्हा लागला. गेवराईवरून काळ्या रानातून बीडला यावे. शहरात पाण्याच्या कुंडात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ आहे. सोलापूरच्या बाजूस थोडे पुढे गेले की खजाना विहीर. निजामशाहीतील सरदार सलाबतखान याच्या कारकीर्दीत, 1582 साली, ती बांधली गेली. जमिनीखालच्या बोगद्यांनी विहिरीत पाणी येते आणि दुसऱ्या बोगद्याने ते खालच्या रानाला जाते. मोट नाही, पंप नाही, केवळ उताराच्या बळावर! दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याने पाण्याचा असा विचार साडेचारशे वर्षांपूर्वी केला होता, हे मुलींना अवश्य दाखवावे.

पुढे पालीजवळ बिंदुसरेचा तलाव आणि मग मांजरसुंब्याचा घाट. श्रावणात या डोंगरावर हिरवा शालू पांघरल्यासारखा दिसतो. वाट थोडी वाकडी केली की कपिलधारचा धबधबा व मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला येथे दूरदूरच्या दिंड्या पायी येतात. घाटावरून चौसाळा, येरमाळ्याची येडेश्वरी आणि शेवटी तुळजापूरची आई. एका दिवसात इतके घडते.

परंतु हौसेने या रस्त्यावर निघणे बायकांच्या वाट्याला अगदी अलीकडे आले. त्याआधी आपल्या बायकांना रस्ता भेटला तो खडीच्या ढिगाऱ्यापाशी. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली आणि गावेच्या गावे रस्त्यांच्या व तलावांच्या कामावर आली. रेशनला मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आणि कामावर सुकडी, यांवर घरे जगली. माझ्या सासूबाई त्या कामावर होत्या. डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून पदर पुढे ओढून त्या हातोडा मारीत. त्या म्हणत, “रस्ता कुठं जातो ते आम्हाला काय ठाऊक? आज किती दगड फुटला, तेवढं ठाऊक.” अशा कामांतूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला.

दुष्काळाने माणसांना रस्त्यावर आणावे, हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत 1926 साली शिकागोपासून पश्चिम किनाऱ्याकडे 66 क्रमांकाचा रस्ता ठरविण्यात आला. लांबी जवळजवळ 3,900 किलोमीटर. 1930 नंतरच्या दशकात तिकडे अवर्षण पडले, धुळीच्या वादळांनी शेते उडाली आणि हजारो शेतकरी कुटुंबे मोडक्या मोटारींत भांडीकुंडी भरून याच रस्त्याने कॅलिफोर्नियात मजुरीला गेली. 1985 साली त्या रस्त्याचा सरकारी क्रमांक काढून घेतला गेला. तरीही आज देशोदेशीचे लोक सृष्टिशोभा पाहण्यासाठी मुद्दाम त्या जुन्या रस्त्याने जातात. काठच्या गावांनी जुनी खानावळ, जुना पेट्रोल पंप जपला आणि त्या निर्वासितांची आठवणही जपली. जॉन स्टाइनबेक या लेखकाने 1939 साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली, म्हणून त्यांचे हाल जगाला कळले.

आपल्याकडे मात्र ही कहाणी संपलेली नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या ट्रॉल्या याच रस्त्याने कारखान्यांकडे निघतात. वर कडबा, भांडी, शेळी, करडू आणि मांडीवर तान्हे मूल घेतलेली बाई. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. त्या हिशेबात बाईचे नावसुद्धा उरत नाही.

17 मार्च 2023 पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट लागू झाले आणि कितीतरी घरांतील बायका प्रथमच आपण होऊन गाडीत बसल्या. ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या श्रावणात शहागडच्या पुलापासून तुळजापूरपर्यंत आपली सहल निघावी. शिदोरी घरची असावी आणि बरोबर दोन वह्या असाव्यात. एकीत पाहिलेल्या स्थळांची टिपणे घ्यावीत. दुसरीत, ज्यांनी दुष्काळात खडी फोडली व ज्या ऊसतोडीला गेल्या, अशा आपल्या गल्लीतील वडीलधाऱ्या बायकांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी उतरवून घ्याव्यात. विहीर कोणाच्या कारकीर्दीत झाली हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. रस्त्याची खडी कोणी फोडली, हे पुढच्या स्मरणिकेत आपण नोंदवू या.