मनगटी घड्याळ आणि वारशाची कल्पना

केवळ जुनी झाल्याने कोणतीही वस्तू वंशपरंपरागत ठरत नाही. ती पुढील पिढीकडे सोपविण्याची काही व्यवस्था समाजात असावी लागते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात काही जंगम वस्तू रूढीने घर-जमिनीबरोबरच वारसाकडे जात. मृत्युपत्राने त्या जमिनीपासून वेगळ्या काढून अन्यत्र देता येत नसत. सतराव्या शतकापासून रूढ झालेल्या कौटुंबिक तजविजींत तर विद्यमान धारक हा बहुधा हयातीपुरताच उपभोक्ता असे. मौल्यवान मनगटी घड्याळाला आज वारशाचे जे स्थान लाभले आहे, त्याचे स्वरूप ह्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

मनगटी घड्याळाची परंपरा फार प्राचीन नव्हे. जिनिव्हा येथील पाटेक फिलिप ह्या पेढीने १८६८ मध्ये हंगेरीतील एका काउंटेससाठी असे घड्याळ घडविले. पण तो मुख्यतः अलंकार होता. पुरुषवर्ग खिशातील घड्याळच वापरीत असे. १९१४-१८ च्या महायुद्धात हात मोकळे ठेवून वेळ पाहण्याची निकड सैनिकांना भासली आणि त्यानंतर मनगटी घड्याळ पुरुषांतही प्रतिष्ठित झाले. तथापि त्याचे मूल्य प्रामुख्याने उपयुक्ततेवर व अचूकतेवर आधारलेले होते.

हा आधार १९६९ च्या अखेरीस ढळला. २५ डिसेंबर रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. महिन्याकाठी त्यात फार तर पाच सेकंदांचा फरक पडे. स्वित्झर्लंडच्या घड्याळउद्योगात १९७० च्या सुमारास सुमारे ९०,००० कामगार होते. पंधरा-सोळा वर्षांत ही संख्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आली. अचूकतेच्या कसोटीवर यांत्रिक घड्याळ पराभूत झाले होते. त्याच्या ठायी एक गुण मात्र उरला होता : झिजलेले चाक वा तुटलेली स्प्रिंग कुशल कारागीर पुन्हा घडवू शकतो. १८३९ पासूनच्या आपल्या कोणत्याही घड्याळाची दुरुस्ती करण्याची हमी पाटेक फिलिप देते, ती ह्याच गुणाच्या बळावर. ही पेढी १९३२ पासून स्टर्न कुटुंबाच्या मालकीची आहे. घड्याळ घेणारा त्याचा खरा मालक नसून पुढील पिढीसाठी ते सांभाळणारा आहे, अशा आशयाची तिची जाहिरातमाला १९९६ मध्ये सुरू झाली.

ही कल्पना वस्तुतः हयातीपुरत्या उपभोक्त्याचीच होय. फरक इतकाच की, तिच्यामागे कायद्याचे बंधन नाही. त्याचे प्रत्यंतर पाटेक फिलिपच्याच एका खिशातील घड्याळात मिळते. हेन्री ग्रेव्हज ह्या अमेरिकन धनिकाने १९२५ मध्ये मागविलेले ते अत्यंत गुंतागुंतीचे घड्याळ १९३३ मध्ये त्याच्या हाती आले. १९५३ मध्ये त्याच्या निधनानंतर ते कन्येकडे व पुढे नातवाकडे गेले आणि १९६९ मध्ये, म्हणजे तिसऱ्याच पिढीत, विकले गेले. १९९९ मध्ये लिलावात त्याला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर आले. २०१४ मध्ये जिनिव्हात २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँक. अभिनेता पॉल न्यूमन ह्याला पत्नीने भेट दिलेले रोलेक्स ‘डेटोना’ हे मनगटी घड्याळ तर वारसाकडे गेलेच नाही. त्याने १९८४ मध्ये ते कन्येच्या मित्राला देऊन टाकले आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात त्याला सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलर मिळाले.

ह्यावरून एक विसंगती नजरेस येते. वारशाची भाषा घड्याळाची किंमत वाढविते. पण ती वाढ सिद्ध होते ती वारस ते विकावयास काढतो तेव्हाच. जुन्या व्यवस्थेत वारसाला वस्तू राखावीच लागे. त्यामुळे राखण्यात त्याची निष्ठा किती व सक्ती किती, हे ठरविणे कठीण असे. आजच्या वारसाला विक्रीचा पूर्ण अधिकार असून बाजार त्याला सतत मोहात पाडीत असतो. अशा स्थितीत आजोबांचे घड्याळ त्याच्या मनगटावर राहिले, तर ते कायद्याने वा जाहिरातीने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या निर्णयाने राहिलेले असते.