चिमाजी आप्पा

चिमाजी आप्पा : (सु. १७०७–१७ डिसेंबर १७४०). मराठेशाहीतील एक कर्तबगार सेनापती व वसईच्या मोहिमेचा सूत्रधार. पेशवा बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचा हा धाकटा मुलगा. थोरला भाऊ पहिला बाजीराव १७२० मध्ये पेशवेपदावर आल्यानंतर छत्रपती शाहूंनी चिमाजीस सरदारी दिली. पानिपतच्या रणांगणावर कामास आलेला सदाशिवरावभाऊ हा त्याचा मुलगा.

बाजीराव दूरच्या स्वाऱ्यांत गुंतला असता पुण्याचा कारभार, सैन्याची व पैशाची तरतूद आणि शाहूंच्या दरबाराशी संधान ही कामे चिमाजीने सांभाळली. स्वतंत्र सेनानी म्हणून त्याचे नाव प्रथम माळव्यात झाले. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेरा येथे त्याने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या लढाईत गिरिधर बहादूर व त्याचा नातलग दया बहादूर हे दोघेही मारले गेले. एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळील लढाईत जंजिऱ्याचा पराक्रमी सरदार सिद्दी सात मारला गेला. भोपाळच्या मोहिमेत (१७३७-३८) नासिरजंगाची फौज निजामाच्या मदतीस जाऊ नये, म्हणून त्याने तापीकाठी तिला रोखून धरले.

चिमाजीची खरी कसोटी लागली ती उत्तर कोकणात. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई मिळाल्यावर पोर्तुगीजांनी दमणपासून साष्टीपर्यंतच्या पट्ट्यात डहाणू, तारापूर, अशेरी, केळवे-माहीम, अर्नाळा इ. ठाण्यांची साखळीच उभारली. वतनांची जप्ती आणि धर्माच्या बाबतीतील सक्ती यांमुळे प्रजा त्रस्त होती. अंजूरच्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईक आदींनी पेशव्यांकडे वारंवार गाऱ्हाणी नेली. १७३७ च्या उन्हाळ्यात मराठ्यांनी ठाणे व साष्टीचा बहुतेक भाग घेतला. परंतु वसईवरील आरंभीचे हल्ले फसले आणि १७३८ मध्ये माहीम येथेही माघार घ्यावी लागली. डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीज सेनापती पेद्रू द मेलो मारला गेला.

या अपयशातून चिमाजीने योग्य तो बोध घेतला. वसईस तिन्ही बाजूंनी समुद्र व खाडी यांचे संरक्षण होते. तटावर मोठ्या तोफा होत्या. त्यामुळे सरळ चढाई करण्यापूर्वी तिचे उत्तरेकडील आधार तोडण्याचे त्याने ठरविले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, तारापूर व डहाणू ही सांप्रतच्या पालघर जिल्ह्यातील ठाणी पडली. तारापूरचा तट सुरुंगांनी फोडावा लागला. तेथील हातघाईत बाजी भिवराव हा नामांकित सरदार कामी आला. त्यानंतर वेसावे व धारावी घेऊन फेब्रुवारीपासून वसईचा वेढा आवळण्यात आला. समुद्राच्या बाजूस मानाजी आंग्रे, तर जमिनीवर मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांचे साहाय्य होते. याच सुमारास नादिरशाहाने दिल्ली लुटल्याने ही फौज उत्तरेस हवी होती. तरीही चिमाजीने वेढा उठविला नाही. मे महिन्याच्या आरंभी सान सेबास्तियन बुरूज सुरुंगाने ढासळताच निकराचा हल्ला झाला आणि किल्लेकऱ्यांनी तहाची याचना केली.

विजयाची किंमत जबर होती. मराठी बाजूच्याच अंदाजाप्रमाणे सु. ५,००० माणसे ठार वा जखमी झाली; पोर्तुगीजांची हानी सु. ८०० होती. तरीही तहाच्या अटी उदार होत्या. शिबंदीस शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मुभा दिली. किल्ला पडत नसेल, तर तोफेच्या तोंडी देऊन माझे मस्तक तरी आत टाका, असे चिमाजीने म्हटल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. वसईहून आणलेल्या घंटा भीमाशंकर, नाशिक, मेणवली इ. ठिकाणी आढळतात.

२८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव मरण पावला. चिमाजीने पुतण्या नानासाहेब याच्या पेशवेपदास पाठिंबा दिला. सप्टेंबरच्या तहाने चौल व कोर्लई येथील पोर्तुगीज ठाणीही मराठ्यांकडे आली. दीर्घकाळच्या छातीच्या विकाराने चिमाजी थोड्याच दिवसांत निधन पावला. त्याची समाधी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळ आहे.

वसईच्या विजयाने उत्तर कोकणातील सु. दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मात्र पोर्तुगीज दुबळे झाल्याचा लाभ अखेरीस मुंबईकर इंग्रजांना झाला. १७३९ मध्येच त्यांनी चिमाजीशी तह करून व्यापाराच्या सवलती मिळविल्या. १७७४ मध्ये साष्टी घेतली आणि ती सालबाईच्या तहाने (१७८२) त्यांच्याकडेच राहिली. चिमाजीने जिंकलेल्या या वसईतच १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.