पिल्लाचे बूट आणि बैलाच्या पत्र्या

परवाच्या शनिवारी मुरबाडजवळ आजीकडे गेलो, तेव्हा बॅगेत एक छोटं पार्सल होतं. दीड महिन्याच्या पिल्लासाठी ऑनलाइन मागवलेले चार बूट! आजीने एक बूट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मानसाला दोन, आन् ह्याला चार व्हय रं?"

हसू नका, कारण होतं. गेल्या पौषात याच घरात दोन आठवड्यांचं एक पिल्लू पहाटे लादीवर ताठ पडलेलं सापडलं. आई रात्री बाहेर गेली होती. डॉक्टरला काही दाखवलं नाही, पण गारठ्याने गेलं हे आम्ही सगळ्यांनी मनोमन धरलं. शहापूर-मुरबाडला बर्फ पडत नाही हे मान्य, पण डोंगराच्या कुशीतल्या गावांत पारा कधीकधी दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. मुठीएवढ्या जिवाला तेवढं पुरतं.

तर हे बूट मुळात आले कुठून? उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातून. जॅक लंडन 1897 च्या सोन्याच्या गर्दीत क्लॉन्डाइकला गेला होता. त्याच्या 1903 च्या 'द कॉल ऑफ द वाइल्ड'मध्ये गाडीवान आपल्याच पादत्राणांचं कातडं कापून बक नावाच्या कुत्र्याला चार बूट शिवतो. 1925 च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी जवळपास 1,085 किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोचवलं. पुढे 1973 मध्ये तिथे इडिटारॉड ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. तिच्या नियमांत दर कुत्र्यामागे आठ बूट सोबत ठेवावे लागतात. कारण सरळ आहे. बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकतात, धारदार बर्फाने गादी फाटते आणि एका कुत्र्याचा पाय गेला की अख्खी गाडी अडते.

आता आपल्याकडे या. मुरबाडच्या माथ्यावरचा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासूनचा, दोन हजार वर्षांचा व्यापारी रस्ता. दर पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार लागतो, घोंगड्या विकायला येतात. या मुलखानेही जनावराचे पाय जपलेच की! खडीवर गाडी ओढणाऱ्या बैलाचा खूर झिजतो म्हणून त्याला पत्र्या मारतात. खूर दुभंगलेला, त्यामुळे घोड्यासारखा एक नाल चालत नाही, एका खुराला दोन पत्र्या लागतात.

म्हणजे बघा, तिथे कुत्र्याला बूट आणि इथे बैलाला पत्र्या. ज्याच्या पायांवर माणसाचं पोट, त्याचे पाय माणूस जपतो. आपल्या धर्मराजामागे हिमालय चढणाऱ्या कुत्र्याच्या पायांची चौकशी महाभारतातही कुणी केली नाही!

पण निसर्गाने केली होती. मेकॅनिकल शिकून आयटीत आलेल्या माझ्यासारख्याला हा भाग फार आवडला. कुत्र्याच्या पंजात गरम रक्त नेणारी धमनी बारीक शिरांच्या जाळ्यात असते. परतणारं थंड रक्त तिच्याकडून उष्णता घेऊनच वर जातं. म्हणजे चक्क काउंटरफ्लो हीट एक्स्चेंजर! 1972 मध्ये संशोधकांनी लांडगा आणि आर्क्टिक कोल्हा यांचे पाय उणे 35 अंशांच्या द्रवात ठेवून पाहिले, तर तळव्याची गादी उणे एक अंशाच्या आसपास टिकून राहिली.

मग आमचं पिल्लू का गेलं? कारण प्रश्न पायांचा नव्हताच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला अंगाची ऊब स्वतः धरता येत नाही. नवजात पिल्लाला तर नीट कुडकुडताही येत नाही. ऊब मिळते ती आईची, भावंडांची आणि खालच्या जमिनीची. आणि जमीन आम्ही बदलली होती. पूर्वी आजीकडे शेणाने सारवलेली ओटी, कोपऱ्यात भाताचा पेंढा आणि रात्री निवत आलेली चूल असायची. कुत्री आपली राखेशी जाऊन निजायची. मग गॅस आला, चूल गेली आणि चकचकीत लादी आली. ती लादी मीच हौसेने बसवून घेतली होती, पहिल्या बोनसमधून.

कुत्र्याला बूट नव्हते याचं कारण बेपर्वाई असेल. पण ते नसतानाही चालत होतं, कारण घरच त्याचं घोंगडं होतं. हे मला गेल्या वर्षी कळायला हवं होतं.

यंदा आजीने खोक्यात पेंढा भरला, वर दुहेरी गोणपाट टाकलं आणि खोकं लादीपासून विटांवर उचललं. दवात भिजून आलं की बोटांमधली फट पुसायची, एवढं काम माझ्याकडे. बुटांपैकी एक पिल्लाने चावून संपवला आहे :)

"पाय पोटाखाली घेऊन निजलं बघ," रविवारी पहाटे आजीने मला उठवून दाखवलं. असो. आज पुन्हा निघतोय, गाडीत गोणपाटाची आणखी दोन पोती आहेत.