दोरीचा मल्लखांब

उंच आढ्याला किंवा तुळईला टांगलेल्या सुती दोरीवर, कुठेही गाठ न मारता, केवळ अंगाच्या पकडीवर करायचा व्यायाम. मल्लखांबाच्या मूळ लाकडी खांबाशी त्याचे नाते असले तरी त्याची प्रकृती वेगळी आहे. पुरलेला खांब जागचा हलत नाही. दोरी मात्र प्रत्येक हालचालीबरोबर झुलते, गिरकी घेते आणि अंगाचा तोल सारखा मोडू पाहते.

बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. पूर्वी टांगलेल्या वेतावरही हा व्यायाम होत असे; चांगला वेत दुर्मिळ झाला तशी दोरी आली, असे परंपरा सांगते.

नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भात या विद्येला मोठा आधार दिला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर झाली.

दोरीवरची पहिली अक्कल पायाच्या बोटांना येते. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी घट्ट धरायची, हातांनी वर ओढ घ्यायची आणि कंबर उचलून अढी, म्हणजे दोरीला पायांचा विळखा, मारायची. सुरुवातीला बोटांच्या बेचक्यात, मांडीवर, पोटरीवर दोरी काचते; कातडी लाल होते. हळूहळू कातडी राठ होते, पकड जमते, मग हात मोकळे सोडून पद्मासनासारखी आसनेही दोरीवर करता येतात. मनगट, पंजा, खांदे, पाठ आणि पोट यांना एकाच वेळी काम पडते, आणि तेही झुलत्या आधारावर. कुस्तीगीर, कबड्डीपटू व जिम्नॅस्ट यांना हीच ताकद हवी असते.

आजच्या जिममध्ये दिसणारे टांगते पट्टे अमेरिकी नौदलातील रँडी हेट्रिक यांच्या कल्पनेतून आले. टीआरएक्स या नावाने ते जगभर गेले. पट्ट्यांवरच्या बहुतेक व्यायामांत पाय किंवा हात जमिनीला टेकलेले असल्याने काही वजन जमीन पेलते. अंग जितके आडवे, तितका भार अधिक. म्हणून नवख्याला भार बेताने वाढवता येतो. दोरीवर ही सवलत नाही. पन्नास किलोच्या मुलाला पहिल्या दिवसापासून पन्नास किलोच उचलावे लागतात. पट्टा शिकायला सोपा आहे, हे मान्य करूनही पकडीच्या ताकदीसाठी दोरीच श्रेष्ठ म्हणावी लागते. शिवाय नागपूरसारख्या शहरातल्या साध्या आखाड्यालाही ती परवडते.

तिची मर्यादाही स्पष्ट आहे. जमिनीला रेटा देणारी पायांची ताकद दोरीवर फारशी वाढत नाही. धावपटू किंवा उंच उडी मारणाऱ्याने बैठका, उड्या आणि वजनाचा सराव सोडून चालणार नाही. दोरीखाली जाड गादी हवीच. रोज सरावाआधी दोरीचा पीळ आणि वरची कडी तपासावी, आणि नवख्याला उस्तादाच्या नजरेआड वर चढू देऊ नये.